कारखान्यातल्या आवाजासाठी कानात घालायचा इअरप्लग घ्यावा की कान बाहेरून झाकणारा इअरमफ?

जो तुम्ही पूर्ण पाळीभर लावून ठेवाल, तो घ्या. गंमत वाटेल, पण हिशेब बघा: ३० डेसिबल आवाज कमी करणारा प्लग ८ तासांत फक्त अर्धा तास काढून ठेवला, तर दिवसभराचं सरासरी संरक्षण जेमतेम १२ डेसिबल उरतं.

पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात फायदा बराच कमी मिळतो, कारण फोमचा प्लग लोक नुसता कानात खोचतात. तो बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद दाबून धरायचा.

चष्मा असेल तर मफच्या गादीला फट पडते, तिथे प्लग बरा. आवाज अधूनमधूनच असेल किंवा हात तेलकट असतील तर मफ.

सगळ्यात मोठा आकडा पाहूनही घेऊ नका. कानापर्यंत ७५-८० डेसिबल पोचले तर ठीक. त्याहून फार कमी झालं तर भोंगा, फोर्कलिफ्ट काहीच ऐकू येत नाही, आणि मग माणूस वैतागून ते काढूनच टाकतो.