मासळीची जुनी पिकअप, 'फक्त गॅस्केट गेलंय' आणि मागणी १ लाख १० हजार

तुमचा प्रश्न नीट वाचला. म्हणजे २०१३ ची बोलेरो पिकअप, आधी मालीम जेटीवरून मासळी वाहायची, आता आठ महिने आंब्याखाली उभी, मालक म्हणतो फक्त हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधली सील) गेलंय, मागतोय १ लाख १० हजार, तुमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने वरवर बघून ४० हजारात काम होईल म्हटलंय, आणि अशीच चालू गाडी तुमच्या बाजूला अडीच लाखांपर्यंत जाते, म्हणजे लाखभर वाचतात असा तुमचा हिशेब. वापर कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा), सुपारी फोंड्याला बागायतदार सोसायटीत घालायची, केळी-नारळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला न्यायचे आणि महिन्यातून दोनेकदा चोर्ला घाटातून बेळगाव.

माझं मत आधीच सांगतो, या भावात घेऊ नका. पण गाडी अजून सोडूनही देऊ नका. आधी चासी बघा, मग कागद, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात कारण बिघडलेलं तेच दिसतं, पण बोलेरो पिकअपचं इंजिन ही आपल्याकडे कुठेही दुरुस्त होणारी गोष्ट आहे, पार्ट साखळीच्या बाजारात नाही मिळाला तर म्हापशाला मिळतो, तिथे नाही तर बेळगावला, आणि काम येणारा मिस्त्री प्रत्येक गावात आहे. सडलेल्या चासीला मात्र वेल्डिंगशिवाय कोणाकडे उपाय नाही आणि माल भरून घाट उतरणाऱ्या गाडीच्या चासीवर ठिगळं असली की मला तरी झोप लागणार नाही.

तुमच्या पोस्टमधला मला सगळ्यात खटकलेला शब्द 'मासळी' आहे, गॅस्केट नाही. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्याच्या फटींमधून दिवसभर खाली गळत राहतं आणि नेमकं चासीच्या मागच्या भागावर पडतं, वर समुद्राजवळची हवा आणि आपला पाऊस. हौदा बाहेरून नवीन रंगवलेला असतो, खाली काळं अंडरकोटिंग मारलेलं असतं, बघणाऱ्याला वाटतं वा काय ठेवलीय गाडी. त्यामुळे जाताना एक जाडसर स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी आणि टॉर्च घेऊन जा, जुनी चादर न्या आणि खाली झोपा. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चासीला अडकवलेत ते हँगर, तिथपासून सुरुवात करा, मग आडवे मेंबर जिथे लांब पट्ट्यांना जोडलेत ते कोपरे, मग हौद्याखालचे सपोर्ट. हातोडीने ठोकत जायचं, चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भदभद वाजतो. अंडरकोटिंगचे पापुद्रे निघाले तर निघू देत, त्याखाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा. वरवरचा लाल गंज असेल तर चालेल, तो घासून रंग मारता येतो, पण पापुद्र्याखाली पत्रा थराथराने सुटत असेल किंवा टोक आत गेलं तर तिथूनच उठा आणि मालकाला नमस्कार करून घरी या, मग तो गाडी ५० हजारात देत असला तरी. मालकाला आधी सांगून ठेवा की मी खालून ठोकून बघणार आहे. नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे. त्याच वेळी केबिनच्या फूटबोर्डखाली, बॅटरीच्या तबकाखाली आणि ब्रेकच्या लोखंडी पाइपांवर टॉर्च मारा, खाऱ्या पाण्याने ते पाइप आधी जातात आणि तो भाग गंमतीवारी घेण्यासारखा नाही.

चासी पास झाली तर कागद. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी कधीपर्यंत होतं आणि फायनान्सचा बोजा आहे का ते बरंचसं दिसतं, ई-चलनं पण बघा, रोड टॅक्स थकलाय का तेही विचारा. पिवळ्या प्लेटची गाडी आहे, आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावं लागतं, आठ महिने उभी आहे म्हणजे ते बहुतेक संपलेलंच असणार आणि बंद गाडीचं फिटनेस होत नाही, म्हणजे आधी इंजिन, मग इन्शुरन्स, मग आरटीओ अशी साखळी तुमच्या गळ्यात येणार आहे. लोन फिटलं असेल तर बँकेचं एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मालकाने हातात द्यायला हवा, 'देतो नंतर' चालणार नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन लगेच नावावर करा, आणि इन्शुरन्स कंपनीला १४ दिवसांत कळवा. नाहीतर पॉलिसी जुन्याच्या नावावर आणि गाडी तुमच्याकडे, अपघात झाला तर दोघेही कोर्टात. गाडी एमएच-०७ किंवा केए-२२ असली (असं स्वस्तातलं बरंच काही सिंधुदुर्ग आणि बेळगावहून येतं) तर तिथल्या आरटीओचं फॉर्म २८ चं एनओसी, इथला टॅक्स आणि नवीन नंबर, तो वेगळा खर्च. आणि तुम्ही बेळगावला जाणार म्हणून सांगतो, आरसीवर गाडीचं माल धरून एकूण वजन बघा, ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर असेल तर लागतं, आणि एवढ्या जुन्या गाडीला कर्नाटकात जायला कुठलं परमिट मिळेल ते आरटीओत आधी विचारून घ्या. लायसन्सची काळजी नको, ७५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय. अजून एक, २०१३ ची म्हणजे २०२८ ला पंधरा वर्षं होणार आणि गाडी जुनी होत जाते तशी फिटनेसची फी चढत जाते, तेव्हा ही गाडी किती वर्षं वापरणार ते आत्ताच मनाशी ठरवा.

आता इंजिन. 'फक्त हेड गॅस्केट' यात मला त्रास 'फक्त' या शब्दाचा आहे. गॅस्केट उगाच जात नाही, गाडी तापते म्हणून जातं, आणि तापते ती रेडिएटर तुंबला, वॉटर पंप गळला, थर्मोस्टॅट अडकला किंवा कूलंटऐवजी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलं म्हणून. कारण न काढता नवीन गॅस्केट घातलं तर चोर्ल्याच्या चढावर, घाटाखालचं केरी गाव सोडलं की परत तेच. शिवाय काटा लाल झाल्यावर ड्रायव्हरने गाडी थांबवली का 'पोचू दे एकदा' म्हणून तशीच ओढली यावर सगळं अवलंबून आहे, आणि मासळीच्या धंद्यात माल खराब होतो म्हणून सहसा ओढतातच. मग हेड वाकतं, कधी दोन वॉल्व्हच्या मधे चीर जाते, पिस्टनच्या रिंगांचा ताण जातो, लायनरवर (सिलेंडरच्या आतल्या नळीवर) ओरखडे पडतात.

त्यात ती आठ महिने उभी. पाणी ऑइलमध्ये उतरलं असेल आणि तसंच आत राहिलं असेल तर क्रँक आणि बेअरिंगवर गंज धरतो, आणि सिलेंडरमध्ये उतरलं असेल तर लायनरवर. म्हणून तिथे जाऊन 'मारून बघू स्टार्टर' असं कोणी म्हणालं तर हात धरा त्याचा. सिलेंडरमध्ये पाणी साचलेलं असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, होतं तेही इंजिन गेलं. आधी डिपस्टिक काढून बघा, दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तर पाणी आत गेलंय हे नक्की. नितळ दिसलं तरी लगेच विश्वास नको, उभ्या गाडीत पाणी खाली बसतं, सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाचा) ड्रेन बोल्ट थोडा ढिला करा, आधी पाणी आलं की समजा. मग मिस्त्रीला सगळे इंजेक्टर काढायला सांगा, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, अर्धा तास थांबा, आणि पुढे क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. दोन पूर्ण फेऱ्या मऊ फिरलं तर आशा आहे. अडकत अडकत फिरलं किंवा फिरलंच नाही तर तुमचे ४० हजार विसरा, फुल इंजिन काम धरून चला. डिझेल टाकीतलं जुनं डिझेलही काढून टाकायचं, पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी असतंच, ते पंपात गेलं तर वेगळंच बिल.

तुमच्या गॅरेजवाल्याचा ४० चा अंदाज खोटा आहे असं मी म्हणत नाही, तो हेडच्या कामाचा अंदाज आहे. गॅस्केट सेट, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), वॉल्व्ह ग्राइंडिंग, वॉटर पंप, रेडिएटर साफ, मजुरी. पण हेड काढल्यावर लायनरवर नख अडकेल असा ओरखडा निघाला तर पिस्टन-रिंग-लाइनर आले, त्यासाठी खाली हात घातला तर बेअरिंग आली, क्रँक घासायला लेथवर गेला की अंडरसाइझ बेअरिंग, ऑइल पंप, आणि काम ८०-९० हजारांवर गेलेलं तुम्हाला मधेच कळतं, तेव्हा इंजिन सुटं होऊन गॅरेजच्या फरशीवर पसरलेलं असतं आणि नाही म्हणायची सोय नसते. म्हणून मी हिशेब वाईट बाजू धरूनच करतो. गाडी १ लाख १०, इंजिन ९०, उभ्या गाडीचे टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच मिळून ३५-४०, कागद आणि फिटनेस २०, म्हणजे २ लाख ६० हजार, आणि तुम्हीच सांगताय चालू गाडी अडीचला मिळते. मधले दीड-दोन महिने केळी भाड्याच्या टेम्पोने जाणार ते अजून धरलेच नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर मालकाला असं सांगितलं असतं, चासी चांगली आहे, मी ५ हजार इसार देतो, माझ्या खर्चाने हेड उघडतो, तुम्ही समोर उभे राहा. लायनर चांगले निघाले आणि हेड सरळ असलं तर गाडी ९० ला घेतो, खालचं काम निघालं तर ६० ला, आणि ब्लॉकला किंवा हेडला चीर निघाली तर इसार तुमचा आणि गाडी तुमची. हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करायची, हेड उघडायच्या आधी. आठ महिने गाडी तशीच पडलीय म्हणजे गिऱ्हाईक रांगेत नाही, मे संपला की परत पाऊस आणि परत चार महिने ती तिथेच गंजणार, हे त्यालाही माहीत आहे.

हेड उघडलं की ते तसंच बसवायचं नाही, लेथवाल्याकडे पाठवून प्रेशर टेस्ट करून घ्या, बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. सरळपट्टी आणि फिलर गेजने हेड आणि ब्लॉक दोन्हीचा तळ तपासायला सांगा, बरेच जण हेडचं फेसिंग करून मोकळे होतात आणि ब्लॉककडे बघतच नाहीत. कोणी 'भंगारातून चालू इंजिन आणून बसवतो, स्वस्तात पडेल' म्हणालं तर त्या इंजिनाचं बिल आणि आरटीओत नवीन इंजिन नंबरची आरसीवर नोंद या दोन गोष्टी होणार असतील तरच, नाहीतर फिटनेसला गाडी उभी केल्यावर तिथेच अडकेल आणि उद्या विकताही येणार नाही.

पहिल्यांदा जाल तेव्हा तुमचा गॅरेजवाला नको, दुसरा कोणीतरी मिस्त्री न्या ज्याला हे काम मिळणार नाहीये, त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. मागच्या हँगरचे आणि ड्रेन बोल्टमधून काय आलं त्याचे फोटो इथे टाका, मी बघून सांगतो. आरसीवरचं एकूण वजन पण लिहा, त्यावरून परमिटचं काय ते ठरेल.