संस्था शोधू नका, प्रवचन करणारा पाद्री शोधा

तुमची अडचण अशी की फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनी या वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयाच्या १७४१, १७८९ आणि १८०७ च्या छापील ग्रंथसूच्या चाळल्या, तरी धर्मादाय संस्थांच्या नोंदी जेमतेम सापडतात. मग त्या काळात अमेरिकेत अशा संस्था झपाट्याने वाढल्या, असं म्हणायला आधार काय?

संस्था वाढल्या होत्या, हे नक्की. पण नोंदी मोजून ती वाढ दिसत नाही, कारण सूचीत संस्था स्वतःच्या नावाने क्वचितच येते. तेव्हाची रीत अशी होती : वार्षिक सभेला एखाद्या नामांकित पाद्र्याचं प्रवचन ठेवायचं, श्रोत्यांकडून पैसे जमवायचे आणि नंतर ते प्रवचन पुस्तिका म्हणून छापायचं. ग्रंथपाल ती पुस्तिका पाद्र्याच्या नावाखाली, धर्मशास्त्रात टाकणार. शिवाय अशा बऱ्याच पुस्तिका एकाच बांधणीत शिवल्या जात, त्यामुळे कित्येक पुस्तिका एका ओळीत आटोपलेल्या दिसतात. म्हणून 'प्रवचन, अमुक संस्थेपुढे केलेलं' अशा मथळ्यांवर नजर ठेवा.

आणि पुस्तिका हाती आली की शेवटची पानं आधी उघडा. संस्थेची नियमावली, सभासदांची नावं, जमाखर्च असा ऐवज तिथे परिशिष्टात असतो. बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी १७८६ मध्ये निघालेल्या मॅसॅच्युसेट्स ह्यूमन सोसायटीच्या पुस्तिकांमध्ये तर कोणाचा जीव वाचवल्याबद्दल कोणाला बक्षीस दिलं, हेही वाचायला मिळतं. इतिहासकाराला याहून जास्त काय हवं? मला स्वतःला प्रवचनापेक्षा ही परिशिष्टंच मोलाची वाटतात.

१७४१ ची सूची मात्र वेगळी काढा. ती ग्रंथांच्या आकारानुसार लावलेली आहे : आधी फोलिओ म्हणजे सर्वांत मोठे, मग त्याहून लहान क्वार्टो, मग आणखी लहान ऑक्टाव्हो. आणि तेव्हा संस्थाच मोजक्या होत्या. बॉस्टनमध्ये स्कॉटिश लोकांची १६५७ ची आणि आयरिश लोकांची १७३७ ची, दोन्ही आपापल्या देशबांधवांना मदत करणाऱ्या. खरी भर पडली ती स्वातंत्र्ययुद्धानंतर. फिलाडेल्फियात कैद्यांचे हाल कमी करण्यासाठी १७८७ मध्ये संस्था निघाली, न्यूयॉर्कमध्ये लहान मुलं असलेल्या गरीब विधवांसाठी १७९७ मध्ये, बॉस्टनमध्ये अनाथ मुलींसाठी १८०० मध्ये. कायद्यानेही हातभार लावला. पेनसिल्व्हेनियाने १७९१ मध्ये संस्थांच्या नोंदणीचा सर्वसाधारण कायदा केला, तेव्हा दर संस्थेसाठी विधिमंडळाकडून वेगळा कायदा करून घेण्याची गरज उरली नाही.

ग्रंथालय आणि धर्मादाय संस्था ही मुळात एकाच साच्यातली कामं होती, हे लक्षात घेतलंत तर सूची वाचायची दृष्टीच बदलेल. १७३१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने या ग्रंथालयासाठी ५० वर्गणीदार जमवले, प्रत्येकी ४० शिलिंग सुरुवातीला आणि पुढे वर्षाला १०. वीस वर्षांनी रुग्णालयासाठीही त्याने वर्गणीचीच वाट धरली. लोकांनी २,००० पौंड जमवले तर विधानसभा तेवढेच देईल, अशी अट मंजूर करून घेतली. म्हणून ग्रंथालयाची सभासद यादी आणि संस्थांच्या देणगीदारांच्या याद्या शेजारी ठेवून वाचा. कोणती नावं दोन्हीकडे येतात हे पाहणं नोंदी मोजण्यापेक्षा कितीतरी फलदायी आहे.

या वाटेने न सापडणाऱ्या संस्थाही आहेत. १७८७ मध्ये रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्स यांनी फिलाडेल्फियात फ्री आफ्रिकन सोसायटी ही कृष्णवर्णीयांनी एकमेकांना मदत करण्याची संस्था काढली. महिन्याला एक शिलिंग वर्गणी, आणि वर्षभर ती भरल्यावर गरज पडली तर आठवड्याला ३ शिलिंग ९ पेन्स मदत. तिच्यासाठी नामांकित पाद्र्यांच्या प्रवचनांचा माग काढून उपयोग नाही, कृष्णवर्णीय चर्चची दफ्तरं बघावी लागतात. स्त्रियांच्या संस्थांबाबत अडचण निराळी होती. विवाहितेला कायद्याने स्वतःची मालमत्ता नव्हती, म्हणून बॉस्टनच्या अनाथ मुलींच्या संस्थेची खजिनदार अविवाहित असावी, अशी अट १८०३ च्या मान्यतेतच घातली गेली. त्यामुळे खजिनदाराचं नाव वाचताना तिच्या वैवाहिक स्थितीची नोंद करून ठेवा.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक धागा आहे. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मिशन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत पोचले. पुढे मराठी छपाईत या मिशनच्या छापखान्याचं काम मोठं झालं. बोर्डाच्या मासिकात गावोगावच्या देणग्या छापल्या जात, आणि त्यांत स्त्रियांच्या छोट्या मंडळांच्या रकमा वरचेवर दिसतात. मुंबईतल्या शाळांचा खर्च न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून कसा जमत होता, ते तिथे रकमांसह कळतं.

सुरुवात चार्ल्स इव्हान्सने केलेल्या, अमेरिकेत छापलेल्या साहित्याच्या सूचीपासून करा. तिची रचना छपाईच्या वर्षानुसार आहे आणि ती १८०० पर्यंत येते, त्यामुळे एका ग्रंथालयाच्या आवडीनिवडीचा परिणाम टळतो. एकच शहर घ्या, बॉस्टन उत्तम, आणि १७८५ ते १८०० एवढाच पट्टा आधी पुरा करा. प्रत्येक प्रवचनापुढे संस्थेचं नाव, स्थापनेचं वर्ष आणि परिशिष्टात सभासद यादी आहे की नाही, एवढं टिपत गेलात तरी पुढच्या कामाला पुरेसा माल जमेल.