वाचक विचारतात: जाल्लो सिनेमांची एवढी क्रेझ का?

प्रश्न: इटालियन जाल्लो पिक्चर, म्हणजे ते खुनाच्या रहस्याचे थ्रिलर, यांच्याबद्दल खूप ऐकलं म्हणून दोन-तीन बघितले. खुनी शेवटी कुठून तरी अचानक उपटतो, पोलीस बावळट, आणि लोक जे वागतात त्याला काही अर्थच नाही. तरी लोक याला कल्ट म्हणून डोक्यावर घेतात. नक्की काय बघायचं असतं यात?

उत्तर: तुमच्या तक्रारी सगळ्या खऱ्या आहेत आणि जाल्लोचे पक्के फॅनसुद्धा त्या नाकारत नाहीत. फक्त पुरावे जोडत जोडत खुनी पकडायचा या हिशेबाने बसलात तर यातले निम्मे पिक्चर हातातून निसटतात. दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा पहिलाच सिनेमा घ्या, 'द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज', 1970 चा. रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक रात्री एका आर्ट गॅलरीसमोरून जात असतो, आत एका बाईवर हल्ला होताना दिसतो, तो धावतो आणि दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो, म्हणजे आत जाता येत नाही, बाहेर पडता येत नाही, आवाज पोचत नाही, नुसतं बघत राहायचं. नंतर अख्खा पिक्चर त्याला एकच गोष्ट छळते, की मी जे पाहिलं त्यात काहीतरी विचित्र होतं, पण काय ते आठवत नाही. खरा सस्पेन्स इथे आहे, खुनी कोण यापेक्षा आपल्या डोळ्यांनी आपल्याला कसं फसवलं यात!

पाच वर्षांनी आलेल्या 'डीप रेड'मध्ये आर्जेंतोने हेच आणखी पुढे नेलं. पियानोवाला हिरो खून झालेल्या फ्लॅटमध्ये धावत जातो, चित्रं लावलेल्या कॉरिडॉरमधून, आणि नंतर त्याला वाटत राहतं की तिथलं एक चित्र गायब झालंय. मी पुढचं सांगत नाही, एवढंच सांगते की उत्तर त्याच सीनमध्ये तुमच्याही डोळ्यांसमोरून गेलेलं असतं. शेवट कळल्यावर तो सीन मागे जाऊन परत बघाच, मला तरी या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात भारी चाल वाटते.

आणि रंग! मारिओ बावा मुळात कॅमेरामन, त्यामुळे त्याच्या 1964 च्या 'ब्लड अँड ब्लॅक लेस'मध्ये फॅशन हाऊसच्या खोल्या लाल, हिरव्या, जांभळ्या लाइटने अशा भरल्यात की तो लाइट येतो कुठून हे विचारावंसं वाटत नाही. काळे ग्लोव्ह्ज, कोट, हॅट आणि चेहराच नसलेला मास्क, हा खुन्याचा अवतारही इथेच पक्का झाला, पुढे सगळ्यांनी तोच उचलला. म्युझिकबद्दल तर वेगळं लिहावं लागेल, 'बर्ड'ला एन्यो मोरिकोने आणि 'डीप रेड'ला गॉब्लिन नावाचा रॉक बँड, हेडफोन लावून बघा.

प्रश्न: इटालियनमध्ये बघू की इंग्लिशमध्ये? इंग्लिश डबिंग फार खोटं वाटतं.

उत्तर: कुठलंही चालेल. तेव्हा इटलीत बहुतेक पिक्चरचा आवाज शूटिंगनंतर स्टुडिओत भरायचे, सेटवर वेगवेगळ्या देशांतले नट आपापल्या भाषेत बोलले तरी अडायचं नाही, त्यामुळे इटालियन ट्रॅकवरही ओठ जुळतीलच असं नाही. व्हर्जन मात्र नीट बघून घ्या, 'डीप रेड'ची बाहेरच्या देशांसाठीची कॉपी वीसेक मिनिटांनी कापलेली आहे, लांब इटालियन व्हर्जनच घ्या.

प्रश्न: बायकांचे खून इतके सजवून दाखवतात की मला बघवत नाही. हे आवडणं चुकीचं नाही का?

उत्तर: हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. सुंदर बाई, रेझर आणि रेंगाळणारा कॅमेरा, ही सवय या पिक्चरना होतीच, आणि कित्येक दुय्यम पिक्चरमध्ये त्याच्यापलीकडे काही नाहीच, ते सोडले तरी काही बिघडत नाही. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. लुचिओ फुल्चीचा 1972 चा 'डोन्ट टॉर्चर अ डकलिंग' दक्षिण इटलीतल्या एका खेड्यात घडतो, तिथे लहान मुलांचे खून होतायत आणि गावाने एका बाईला चेटकीण ठरवलंय. पोलीस तिला सोडून देतात आणि मग गावातली माणसं तिला साखळ्यांनी मारतात, ती रक्ताळलेली कशीबशी सरपटत हायवेपर्यंत येते, आणि गाड्या थांबतच नाहीत. तो सीन बघताना मजा येत नाही, प्रचंड राग येतो, त्या गावाचा आणि गाडीतून नुसतं बघून पुढे जाणाऱ्यांचा. बघायला जड आहे हे आधीच सांगते, पण एक तरी जाल्लो बघायचा असेल तर तुमच्यासाठी मी हाच सुचवेन.