नवी घरं शोधू नका, आधीच्याच घरांना पुन्हा लिहा

तुम्ही सर्वेक्षणासाठी २,००० घरांना टपालाने प्रश्नावली पाठवलीत, महिन्याभरात जेमतेम दीडशे भरून परत आल्या. आता आणखी ३,००० घरांना पाठवावी का, भरणाऱ्यांसाठी सोडतीचं बक्षीस ठेवावं का, असं विचारताय. माझं ऐकाल तर नव्या घरांना एकही पाकीट पाठवू नका. तोच पैसा आधीच्या घरांमागे लावा.

नुसती संख्या फुगवून काही साधत नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा कौल आजमावायला सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त भरून आल्या, तरी अंदाज साफ चुकला. लँडन जिंकणार म्हणाले आणि रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. मुळात यादी एकांगी होती, त्यात उत्तर देणाऱ्यांचा आणि न देणाऱ्यांचा कलही वेगळा होता.

सर्वेक्षण-पद्धतींचे अमेरिकी अभ्यासक डॉन डिलमन यांनी १९७८ मध्ये मांडलेला स्मरणपत्रांचा क्रम मी आजही पाळते. पहिलं पाकीट गेल्यावर आठवड्याने सगळ्यांना आभार-आठवणीचं एक पोस्टकार्ड. तिसऱ्या आठवड्यात, उत्तर न आलेल्यांना पत्र आणि प्रश्नावलीची नवी प्रत, कारण पहिली बहुधा रद्दीत गेलेली असते. सातव्या आठवड्यात पुन्हा प्रत, पण पोच घेणाऱ्या टपालाने. दर वेळी मजकूर बदला. तेच पत्र दुसऱ्यांदा कोणी वाचत नाही.

कोणाचं उत्तर आलं हे कळायला प्रश्नावलीवर क्रमांक लागतो. एकदा आमच्याकडे एक प्रश्नावली आली: अक्षर सुबक, एकही प्रश्न सोडलेला नाही, पण क्रमांकाचा कोपरा नीट फाडून काढलेला. त्या माणसाला उत्तर द्यायचं होतं, विश्वास तेवढा नव्हता. चूक आमची, क्रमांक कशासाठी हे आम्ही लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून पत्रात स्पष्ट लिहितो: हा क्रमांक फक्त तुम्हाला विनाकारण स्मरणपत्र जाऊ नये म्हणून आहे, उत्तरांशी तुमचं नाव जोडलं जाणार नाही. आणि ते तंतोतंत पाळतो.

सोडतीचं बक्षीस ठेवायचा तुमचा विचार सोडून द्या. ‘भरून पाठवा, मग देऊ’ यापेक्षा पहिल्याच पाकिटात घातलेली छोटी रक्कम जास्त काम करते. परतीच्या पाकिटावर खरं तिकीट चिकटवा. घरात कोणी भरायचं तेही सांगा, म्हणजे ज्या प्रौढ व्यक्तीचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला तिने. नाहीतर पाकीट ज्याच्या हाती पडेल तोच भरतो.

आणि स्मरणपत्रं काढण्याआधी, पत्ता न सापडल्याने परत आलेली पाकिटं वेगळी मोजा. तुमच्या दीडशेच्या हिशेबात ती उत्तर न देणाऱ्यांत धरली गेली असावीत.