नावाजलेले मराठी चित्रपट घरच्या टीव्हीवर रटाळ का वाटतात?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: घरी ५० इंची टीव्ही आहे, 'कोर्ट', 'द डिसायपल', 'तुंबाड' एकेक करून लावले, पण सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं, बोलणं नीट कळत नाही आणि अंधारातले प्रसंग राखाडी दिसतात. चित्रपटच कंटाळवाणे आहेत की टीव्हीत गडबड आहे?

गडबड टीव्हीत आहे. किंवा नेमकं सांगायचं तर, कारखान्यातून तो ज्या सेटिंगवर येतो त्यात. हे तिन्ही चित्रपट उत्तम आहेत आणि 'कोर्ट' तर माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला मराठीतला सर्वांत ताकदीचा चित्रपट. पण तिघेही बारकाव्यावर उभे आहेत आणि टीव्ही आधी बारकावेच खातो.

मालिकेसारखं दिसण्याचं कारण आधी घेऊ. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. वाहिनीवरची मालिका ५० च्या गतीने येते, म्हणून तिच्यातली हालचाल सरसर, स्टुडिओतली वाटते. नवे टीव्ही चित्रपटाच्या दोन चित्रांमध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसडतात आणि त्यालाही तसंच करून टाकतात. 'द डिसायपल'मध्ये शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकल चालवतो, संथ गतीत, आणि वर माईंचा, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंचा, आवाज चालू असतो (तो आवाज सुमित्रा भावे यांचा). अख्खा चित्रपट त्या प्रसंगांवर तोललेला आहे. ही सोय चालू असेल तर शरदच्या खांद्याभोवतीची कड थरथरते, मागचे दिवे त्याच्या डोक्याला चिकटल्यासारखे ओढले जातात आणि त्या आवाजातली तंद्री पार मोडते.

ती बंद करायची. सॅमसंगवर पिक्चर, एक्सपर्ट सेटिंग्ज, पिक्चर क्लॅरिटी असं जाऊन ऑफ. एलजीवर तिचं नाव ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, स्वस्तातल्या अँड्रॉइड टीव्हींवर बहुधा एमईएमसी. इथे बरेच जण फसतात: ही सेटिंग प्रत्येक इनपुटला आणि प्रत्येक पिक्चर मोडला वेगळी साठवली जाते. टीव्हीतल्या अ‍ॅपवर बंद केली म्हणून एचडीएमआयला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर बंद होत नाही. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा) चित्रपट सुरू झाला की पुन्हा एकदा तपासावी लागते. क्रिकेटचं काय होईल ही काळजी नको, सामना मुळातच ५० च्या गतीने येतो.

बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळतं. २४ चित्रं सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यात बसवताना एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागतं, त्याचा तो झटका. फायर टीव्हीसारख्या स्टिकवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' असतं, ते चालू केलं की बहुतेक टीव्हींवर हा त्रास जातो.

मग पिक्चर मोड. 'विविड' आणि 'डायनॅमिक' हे दुकानातल्या झगमगाटात गिऱ्हाईक थांबवण्यासाठी असतात. 'फिल्ममेकर', नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. शार्पनेस शून्यावर आणा. सोनीवर मात्र मूळ जागा ५० आहे, तिथे शून्य केलं तर चित्र धूसर होतं. वीज वाचवणारा मोड बंद ठेवा, तो खोलीतला उजेड मोजून पडदा आपोआप मंद करतो.

हे सगळं 'तुंबाड'साठी फार महत्त्वाचं. चित्रपट हिंदी, पण त्यातली माती, वाडा आणि पाऊस महाराष्ट्रातला. अनेक पावसाळे थांबून, ऊन टाळून तो चित्रित केला आहे. त्या पावसाचा करडा-हिरवा रंग हाच त्याचा जीव, आणि विविडवर तो निळा होतो. कंदिलाच्या प्रसंगात काळोख राखाडी दिसत असेल तर एचडीएमआयचा ब्लॅक लेव्हल, म्हणजे काळा कुठून धरायचा ती सेटिंग, तपासा. स्टिक किंवा सेटटॉप बॉक्स 'लिमिटेड' पाठवत असेल आणि टीव्ही 'फुल' समजत असेल, तर काळ्याचा राखाडी होतोच. उलटं असेल तर सावल्यांतलं सगळं काळ्यात बुडतं. दोन्हीकडे एकच ठेवा किंवा दोन्हीकडे ऑटो. काळोखात चौकटी-चौकटी दिसत असतील तर तो टीव्हीचा नाही, इंटरनेटचा किंवा प्लॅनचा दोष. १०८० ला सलग ५ एमबीपीएस आणि ४के ला १५ तरी लागतात, आणि काही स्वस्त प्लॅनमध्ये ७२० च्या वर चित्र येतच नाही. ट्यूबलाइट मालवा. अगदी अंधार नको असेल तर टीव्हीच्या मागे एक मंद दिवा पुरतो.

आता 'कोर्ट'. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, लांब उभा असतो. बोलणाऱ्याच्या तोंडावर जाऊन सांगत नाही की इथे पाहा. न्यायालयातल्या मागच्या बाकावर कोण पेंगतंय, कोण फाईल चाळतंय, सरकारी वकील बाई कलमं वाचताना समोरच्या चेहऱ्यांवर काय उमटतंय, हे आपण शोधायचं असतं. १२ फुटांवरच्या सोफ्यावरून ५० इंची पडद्यात ते दिसूच शकत नाही, मग राहतं ते फक्त कलमांचं वाचन, आणि माणूस म्हणतो रटाळ आहे. पडद्याच्या कर्णाच्या साधारण १.६ पट अंतर धरा. ५० इंचांचे १२७ सेंटिमीटर, म्हणजे २०० सेंटिमीटरच्या आसपास, पावणेसात फूट. सोफा हलत नसेल तर त्या दोन तासांपुरत्या खुर्च्या पुढे घ्या. आणखी एक: शेवटाकडे सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. संपला समजून बंद करू नका. त्यानंतरचा न्यायाधीशांचा प्रसंग पाहिला नाही तर चित्रपट निम्माच पाहिला.

बोलणं न कळण्याचं कारण वेगळं. ५.१ (सहा स्पीकरांत वाटलेल्या) आवाजात संवाद मधल्या स्पीकरसाठी बसवलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली किंवा भिंतीकडे तोंड केलेले. सगळं त्यात कोंबलं की संगीत वर येतं आणि संवाद पुटपुट होतात. चित्रपट चालू असताना ऑडिओच्या यादीत ५.१ सोडून साधा ट्रॅक असेल तर तो घ्या. टीव्हीच्या आवाजात डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा, न आवळलेला आवाज) करा आणि नकली सराउंड बंद करा. साउंडबार असेल तर तो एचडीएमआयच्या एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या) खाचेतच लावा. ब्लूटूथवर आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. गंभीर चित्रपटात ते एक वेळ खपतं, पण 'अशी ही बनवाबनवी'त नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं वाक्यावर वाक्य पडणं हीच तिथली गंमत, आणि ओठ आधी हलले की ती गेली. सेटिंगमध्ये एव्ही सिंक असतं, पण मागे पडलेला आवाज त्याने पुढे आणता येतोच असं नाही. वायर लावणं खात्रीचं.

'द डिसायपल' मात्र वायरच्या हेडफोनवरच पाहा, हे माझं ठाम मत. गायकाचा षड्ज (सा) काळी एकचा, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, धरला तर तो १३८ हर्ट्झच्या आसपास, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. चपट्या टीव्हीचे स्पीकर तिथपर्यंत उतरत नाहीत. मग तानपुरा म्हणजे नुसती वरची झणझण उरते, आणि शरद कोणत्या गोष्टीमागे आयुष्य घालवतोय ते कानाला पटतच नाही.

घरी कोणते पाहावेत असंही तुम्ही विचारलंय. 'श्वास' घरी छान लागतो, कारण तो आजोबा-नातवाच्या चेहऱ्यांवर चालतो आणि चेहरे लहान पडद्यावरही पोचतात. मुलांसोबत 'हरिश्चंद्राची फॅक्टरी': उजेडातला, खेळकर, दिवे लावून पाहिला तरी चालतो. 'किल्ला' पावसाळ्यातच पाहावा असं काही नाही, पण समुद्राच्या आवाजासाठी हेडफोन घ्या. 'सिंहासन' जुन्या ४:३ प्रतीत मिळाला आणि टीव्हीने तो ताणून १६:९ केला, तर प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने जास्त रुंद होतो. निळू फुले आणि श्रीराम लागू यांचे चेहरे असे ताणलेले पाहवत नाहीत. पिक्चर साइज '४:३' किंवा 'ओरिजिनल' करा, बाजूला काळ्या पट्ट्या येऊ द्या.

'सैराट' घरी निम्माच पोचतो. गाण्यांमागचा तो मोठा वाद्यवृंद टीव्हीच्या स्पीकरमध्ये मावत नाही, त्यामुळे पूर्वार्ध फिका पडतो. तरीही पाहा, पण एक आधी माहीत असू द्या: अगदी शेवटी चित्रपटाचा आवाज पूर्ण बंद होतो. तो बिघाड नाही, आवाज वाढवू नका. शेवटच्या दहा मिनिटांआधी पंखा एकवर आणा आणि घरातल्यांना सांगून ठेवा, मधे कुकर लावू नका म्हणून.