बांध नसलेलं गाव

प्रश्न : भाऊ, आमच्या रावेरकडे भावकीतला बांध दरसाल नांगराचं एक तास सरकतो. इंग्लंडातल्या एका खेड्यात शेतांना बांधच नाहीत म्हणे. खरं का?

उत्तर : खरंय, दादा. नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन. तीन मोठी शिवारं, त्यांत सगळ्यांचे पट्टे, मध्ये कुंपण नाही. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी, तिसरं पडीक, मग फेरपालट. १६३५च्या नकाशात एकेक पट्टा काढलेला आहे. हिवाळ्याच्या तोंडाला गावचेच पंच गव्हाच्या शिवारात फिरतात, हद्दीला खुंट्या ठोकतात. कोणी कोरलं असेल तर गावच्याच न्यायसभेत दंड. माझ्या वडिलांची आठ वर्षं एका बांधापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली, म्हणून त्या खुंट्यांचं मला फार अप्रूप. तुम्ही मोजणी मागवा, त्या दिवशी भावालाही बोलवा, खुणेचा दगड दोघांनी मिळून पुरा.