एनएफएस क्लायंट तपासायचा तर केबल काढून बघणं पुरेसं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचं अ‍ॅप्लिकेशन एनएफएस माउंटवर (म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरची, पण आपल्या मशीनवर जोडलेली डिस्क) फाइली लिहितं. आधी .टीएमपी नावाने, मग रिनेम करून खऱ्या नावाने. टेस्टिंगमध्ये सर्व्हरची केबल काढून परत लावली तर सगळं सुरळीत चाललं, पण प्रॉडक्शनमध्ये कधीमधी एखादी फाइल गायबच होते. तर मुद्दाम एरर घुसवायच्या कशा आणि कुठे?

केबल काढणं ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे. लिनक्सचा क्लायंट तीत बहुधा पास होतो. हार्ड माउंट असेल (डिफॉल्ट तेच असतं) तर तो सर्व्हर येईपर्यंत विनंती परत परत पाठवत राहतो. लॉगमध्ये 'नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग' पडतं, केबल लागली की 'ओके' पडतं, आणि मध्ये काही घडलं याचा अ‍ॅप्लिकेशनला पत्ताही नसतो. सॉफ्ट माउंट असेल तर वाट बघून शेवटी ईआयओ (वाचण्या-लिहिण्यातली एरर) येतो. जाता जाता: माउंटमधला टाइमओ (उत्तराची वाट किती बघायची ते) सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे ६०० लिहिलं तर ६० सेकंद. ३० लिहून अर्धा मिनिट समजणारे पुष्कळ भेटतात.

खरी गोम आहे ती 'काम झालं, पण उत्तर पोचलं नाही' या प्रकारात. मनीऑर्डर घरी मिळाली, पोचपावती मात्र वाटेत हरवली, आणि पाठवणाऱ्याने पुन्हा पैसे धाडले, तसं. वाचणं किंवा फाइलच्या ठरावीक जागी लिहिणं दोनदा झालं तरी बिघडत नाही. रिनेम, रिमूव्ह, मेकडिर (फोल्डर बनवणं) यांचं तसं नाही. सर्व्हरने रिनेम केलं आणि उत्तर क्लायंटला मिळायच्या आत कनेक्शन तुटलं. क्लायंट नव्या कनेक्शनवर तीच विनंती पाठवतो, पण आता .टीएमपी जागेवर नाही, म्हणून एनोएंट, 'अशी फाइलच नाही'. तुमच्या कोडला वाटतं रिनेम फसलं. त्या फांदीत 'अर्धवट राहिलेलं पुसून टाका' अशी साफसफाई असेल तर चांगली फाइल पुसली जाते. मला तुमच्या गायब फायलींबद्दल पहिला संशय हाच आहे. लिनक्समधल्या रिनेमच्या मॅन पेजवरही सांगितलंय की एनएफएसवर एरर आली म्हणून रिनेम झालंच नाही असं धरू नका.

अशा पुनरावृत्तीवर उपाय म्हणून सर्व्हर अलीकडची उत्तरं जपून ठेवतो आणि तीच विनंती परत आली तर जुनं उत्तर देतो. एनएफएसच्या व्ही४.१ आवृत्तीत सेशन आणि स्लॉट (प्रत्येक विनंतीला ठरलेला क्रमांक) आल्यावर ही व्यवस्था बरीच पक्की झाली. पण हा साठा सहसा मेमरीत असतो, त्यामुळे सर्व्हर रीबूट झाला की गेला.

आता ही परिस्थिती मुद्दाम घडवायची कशी? पहिली युक्ती सगळ्यांना सुचते ती म्हणजे क्लायंटवर आयपीटेबल्स या फायरवॉलने एनएफएसच्या २०४९ पोर्टवरून येणारी पाकिटं ड्रॉप करायची. याने उत्तर हरवत नाही, नुसता उशीर होतो. नियम काढला की टीसीपी तेच उत्तर पुन्हा पाठवतं आणि क्लायंटला ते मिळतं. उत्तर खरंच हरवायला कनेक्शन तोडावं लागतं. जुन्या कर्नलमध्ये सनआरपीसीचा (एनएफएसच्या विनंत्या-उत्तरं, म्हणजे आरपीसी, ने-आण करणारा भाग) डीबग पर्याय चालू असेल तर डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या आतल्या गोष्टी फाइलींसारख्या दाखवणारी जागा) सनआरपीसीच्या फोल्डरात 'इंजेक्ट फॉल्ट' आणि त्यात 'डिसकनेक्ट' अशी फाइल मिळायची. तिच्यात ५०० लिहिलं की दर ५०० आरपीसींनंतर क्लायंट स्वतःच कनेक्शन तोडायचा. नव्या कर्नलमध्ये हेच काम डीबगएफएसमधल्या 'फेल_सनआरपीसी' फोल्डरातून होतं. फुकटात मिळणारी उत्तम सोय आहे, रात्रभर चालू ठेवावी.

नेमकं रिनेमचंच उत्तर गिळायचं असेल तर मधे छोटा टीसीपी प्रॉक्सी लिहावा लागतो. वाटतं तेवढं अवघड नाही. टीसीपीवर प्रत्येक आरपीसी संदेशाच्या आधी ४ बाइट असतात: वरचा बिट 'हा शेवटचा तुकडा' सांगतो, उरलेले ३१ बिट लांबी. त्यानंतरचे ४ बाइट म्हणजे एक्सआयडी, विनंती आणि तिचं उत्तर जुळवणारा नंबर. उत्तरात कुठली क्रिया होती ते लिहिलेलं नसतं, म्हणून विनंती जाताना एक्सआयडी आणि क्रियेचा नंबर टिपून ठेवायचा. व्ही३ मध्ये रिमूव्ह १२ आणि रिनेम १४. त्या एक्सआयडीचं उत्तर आलं की ते पुढे न देता कनेक्शन बंद करायचं. व्ही४ मध्ये सगळं कंपाउंडमध्ये (अनेक क्रियांच्या एकाच विनंतीत) गुंडाळलेलं असतं, त्यामुळे आतलं वाचत बसावं लागतं. सुरुवात व्ही३ ने करा. दोन ठिकाणी अडाल. लिनक्स सर्व्हर एरवी १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आलेल्या क्लायंटलाच आत घेतो, तेव्हा प्रॉक्सी साध्या यूजरने चालवायचा असेल तर एक्सपोर्टला 'इनसिक्युअर' द्या. दुसरं जास्त महत्त्वाचं. पुन्हा जोडताना लिनक्स क्लायंट शक्यतो जुनाच सोर्स पोर्ट वापरतो, म्हणजे सर्व्हरला आपला जुना गडी ओळखता यावा. तुमचा प्रॉक्सी दर वेळी नव्या पोर्टवरून गेला तर ती ओळख मोडेल आणि प्रॉक्सीनेच तयार केलेला बग तुम्ही शोधत बसाल. सर्व्हरच्या बाजूचा सोर्स पोर्ट बांधून ठेवा.

दुसरा मोठा वर्ग उशिरा येणाऱ्या एररचा. राइट यशस्वी झालं म्हणजे डेटा तुमच्याच मशीनच्या पेज कॅशमध्ये (मेमरीत) गेला, एवढंच. कोटा संपलाय किंवा डिस्क भरलीय हे कळतं एफसिंकला (डेटा खरोखर साठवून घेणारा कॉल) किंवा क्लोजला. क्लोजने परत दिलेलं मूल्य न तपासणारा कोड मी इतका पाहिलाय की आता रिव्ह्यूमध्ये आधी तेच शोधतो. आणि एफसिंक फसलं की परत एफसिंक करून भागत नाही: कर्नल एरर एकदा सांगून मोकळा होतो, पुढचा एफसिंक खुशाल शून्य परत देऊ शकतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना हे उमगलं, तेव्हापासून एफसिंक फसला की पोस्टग्रेस डिफॉल्टने सरळ पॅनिक करून रिकव्हरीत जातो. तपासायला सोपं आहे. एसट्रेसच्या (प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) इंजेक्ट पर्यायाने 'तिसऱ्या एफसिंकला ईआयओ दे' असं एका ओळीत सांगता येतं. प्रीलोडची युक्ती (लायब्ररीचे कॉल मधेच अडवणं) गो भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर सहसा चालत नाही, एसट्रेस चालतं. फक्त लक्षात ठेवा, एसट्रेसने एरर दिली तेव्हा मूळ कॉल होतच नाही. म्हणजे यातून तुमची एररची फांदी तपासली जाते, 'झालं पण कळलं नाही' हा प्रकार नाही.

सर्व्हरच्या डिस्कखाली डीएम-फ्लेकी (मुद्दाम बिघडणारी डिस्क दाखवणारी लिनक्सची सोय) लावून काही सेकंद चांगली, काही सेकंद खराब अशी डिस्कही बनवता येते. पण ईएक्सटी४ चं जर्नल फसलं तर फाइलसिस्टम रीड-ओन्ली होऊन बसते आणि तुमची परीक्षा भलत्याच विषयाची होते.

सर्व्हर क्रॅश तपासताना नुसती एनएफएस सेवा रीस्टार्ट करू नका, कारण सर्व्हरच्या रॅममधला डेटा शाबूत राहतो. व्हीएममध्ये सिसआरक्यूचा (कर्नलला थेट हुकूम देण्याची सोय) 'बी' द्या, सिंक न करता तिथल्या तिथे रीबूट होतं. असं झालं की राइट व्हेरिफायर (सर्व्हर नव्याने सुरू झाला हे क्लायंटला कळावं म्हणून उत्तरात असलेला आकडा) बदलतो आणि कमिट न झालेलं सगळं क्लायंटने परत पाठवायचं असतं. लिनक्स कर्नल हे करतो. यूजरस्पेसमधला किंवा घरी लिहिलेला क्लायंट असेल तर मी आधी इथेच टोचून बघेन. व्ही४ मध्ये लिनक्स सर्व्हरवर रीबूटनंतर डिफॉल्टने ९० सेकंद ग्रेस पिरियड (जुन्या क्लायंटांना आपली लॉक परत मागायला दिलेला वेळ) असतो, तेवढा वेळ नवी फाइल उघडणं अडकलं तर तो बग नव्हे.

एवढ्या एरर घुसवून निकाल कसा लावायचा, यावर फार कोणी विचार करत नाही. प्रत्येक रेकॉर्डमध्ये अनुक्रमांक आणि चेकसम टाका. एफसिंक यशस्वी झालं की तो अनुक्रमांक एनएफएसवर नव्हे, लोकल डिस्कवर नोंदवा. शेवटी दुसऱ्या क्लायंटवरून वाचा, नाहीतर स्वतःचीच कॅश वाचून खूश व्हाल. नोंद आहे ते सगळं सापडलंच पाहिजे. नोंद नाही ते असो वा नसो, पण नोंद असलेल्या रेकॉर्डचा चेकसम चुकता कामा नये. प्रॉक्सीने ज्यांचं उत्तर गिळलं ते एक्सआयडीही लॉगमध्ये ठेवा. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं साधन) तोच आकडा फिल्टर केला की दोन्ही फेऱ्या समोरासमोर दिसतात.

तुमच्या रिनेमपुरतं सांगायचं तर एनोएंट आल्यावर काही पुसायच्या आधी खऱ्या नावाची फाइल उघडा आणि आतला अनुक्रमांक व चेकसम बघा. आपलाच असेल तर रिनेम झालेलं आहे, पुढे चला. नसेल तर .टीएमपी नव्याने लिहा.